राजपूत वर्गाच्या विनाशिकांना सुटे भाग कुठून यायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: "आयएनएस रणजीत आणि आयएनएस राजपूत या रशियन विनाशिका निवृत्त झाल्या. या वर्गाची पार्श्वभूमी काय? चाळीस वर्षं या जहाजांना सुटे भाग कुठून मिळत होते? आणि निवृत्तीनंतर उरलेल्या भागांचं काय होतं, ते बाहेर विकत मिळतात का?"

सुरुवात तुमच्या 'रशियन' या शब्दापासूनच करतो, कारण सुट्या भागांचं अर्धं दुखणं त्यात आहे. या जहाजांना आम्हीही रशियनच म्हणायचो. त्यांच्यावरच्या पाट्या रशियन भाषेत, कागदपत्रं रशियन, शिकवायला आलेली माणसं रशियन बोलणारी. पण पाचही जहाजं बांधली गेली ती निकोलायेव या शहरात, '६१ कम्युनार' नावाच्या गोदीत. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याचं आजचं नाव मिकोलाइव. जहाजाची गॅस टर्बाइनंही त्याच शहरात, झोर्या-माशप्रोयेक्त या कारखान्याची. सोव्हिएत संघ एक होता तोवर हा फरक कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे हे कुठून बोलतोय ते कळेल. मी नौदलात इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे जहाजाची यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ होतो. आमच्यात त्याला 'टिफी' म्हणतात. प्रशिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर झालं आणि नंतरची सलग काही वर्षं विशाखापट्टणमला या वर्गातल्या एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. जहाजाचं नाव सांगत नाही, त्याने उत्तरात काही फरक पडत नाही. शस्त्रं आणि रडारबद्दल मला वरवरचं माहीत आहे. टर्बाइन, पंप, व्हॉल्व्ह याबद्दल मात्र रात्री झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आधी नावांचा एक गोंधळ काढून टाकू. राजपूत, राणा आणि रणजीत ही नावं नौदलात दोनदा येऊन गेली आहेत. पहिल्या खेपेला १९४९ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रॉदरम, रेडर आणि रिडाउट या महायुद्धातल्या विनाशिका आपण घेतल्या आणि त्यांना ही नावं दिली. ती वाफेवर चालणारी जहाजं १९७०च्या दशकात मोडीत निघाली. तुम्ही विचारताय ती दुसरी खेप. इंटरनेटवर जुन्या राजपूतचा फोटो लावून नव्या राजपूतची माहिती दिलेली मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून हे सांगितलं.

दुसऱ्या खेपेचं मूळ सोव्हिएत नौदलाच्या 'प्रकल्प ६१' मध्ये आहे. नाटो देश याला काशिन वर्ग म्हणायचे. त्यातलं पहिलं जहाज 'कोमसोमोलेत्स उक्रायनी' १९६२ च्या अखेरीस दाखल झालं. एवढ्या मोठ्या युद्धनौकेत वाफेचा बॉयलर नाही, डिझेल इंजिन नाही, सगळी चाल फक्त गॅस टर्बाइनवर, हे जगात प्रथमच होत होतं. टर्बाइनचा आवाज एका लांब सुरासारखा यायचा, म्हणून सोव्हिएत खलाशी या जहाजांना 'गाणारी फ्रिगेट' म्हणायचे. नाव कवितेतलं वाटतं. चार तासांचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, काढून वर आल्यावर मात्र तो सूर रात्रभर कानात राहतो, आणि आज पासष्टीनंतर माझ्या उजव्या कानाने जो काही संप पुकारलाय त्याचं श्रेय मी त्या गाण्यालाच देतो.

सोव्हिएत नौदलासाठी अशी वीस जहाजं बांधली गेली. त्यानंतर भारतासाठी त्याच आराखड्यात बदल करून पाच बांधली, प्रकल्प '६१ एमई'. मुख्य बदल म्हणजे मागची तोफ काढून तिथे हेलिकॉप्टरचं हँगर आणलं आणि ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षाच्या, दोन्ही बाजूंना पुढे तोंड करून चार स्टिक्स क्षेपणास्त्रं बसवली. स्टिक्स आपल्या लोकांच्या ओळखीचं होतं. १९७१ मध्ये कराचीवर जी क्षेपणास्त्रं डागली ती हीच. राजपूत ४ मे १९८० रोजी जॉर्जियातल्या पोती बंदरात नौदलात दाखल झाली, पहिले कमांडिंग ऑफिसर कॅप्टन गुलाब हिरानंदानी. मग राणा, रणजीत, रणवीर आणि रणविजय. लांबी साधारण १४६ मीटर, पूर्ण भरलेल्या जहाजाचं वजन पाच हजार टनांच्या जवळपास, माणसं तीनशेच्या वर. चार टर्बाइनं, दोन शाफ्ट, मिळून सुमारे ७२,००० अश्वशक्ती. वेग ३५ नॉट, म्हणजे रस्त्यावरच्या हिशेबाने ताशी ६५ किलोमीटर. पाच हजार टनांची वस्तू पाण्यावर त्या वेगाने जाते तेव्हा पाठीमागच्या डेकवर उभं राहून फेस बघण्यासारखा असतो. आम्हा इंजिनरूमवाल्यांना तो क्वचितच बघायला मिळायचा, कारण तो वेग असतो तेव्हा आमची जागा खाली असते.

आता सुट्या भागांकडे. सोव्हिएत काळात पद्धत अशी होती की जहाजाबरोबरच पेट्या यायच्या. काही भाग जहाजावर ठेवायचे, त्याला आम्ही ऑनबोर्ड स्पेअर्स म्हणतो. बाकीचे किनाऱ्यावरच्या भांडारात, ते बेस अँड डेपो स्पेअर्स. पहिल्या वर्षासाठी गॅरंटी टीमचे लोक यायचे. त्यांच्याकडे एखादा भाग बिघडल्याची तक्रार गेली की ते आधी आमच्याकडूनच चूक झाली असं सिद्ध करायचा प्रयत्न करायचे, आणि ते जमलं नाही की निमूटपणे नवीन भाग काढून द्यायचे. माणसं कामाला पक्की होती, हे मात्र सांगायलाच हवं.

गॅरंटी संपली की मागणी कागदावर जायची. आणि इथे पंचवार्षिक योजनांचा देश म्हणजे काय ते कळायचं. कारखान्याचं उत्पादन आधीच ठरलेलं, त्यामुळे तुम्हाला दोन वर्षांनी कोणता पंप किती लागेल हे आजच सांगा, असा हिशेब. पंप कधी बिघडणार हे पंपालाही ठाऊक नसतं. शिवाय सोव्हिएत नौदल जहाजं आपल्याइतकी चालवत नसे. त्यांचं जहाज बराच काळ बंदरात, ठरलेले तास भरले की यंत्र उचलून कारखान्यात. आपलं जहाज वर्षभर समुद्रात, तेही गरम आणि खाऱ्या हवेत. त्यांच्या अनुभवावरून काढलेले सुट्या भागांचे आकडे आपल्याला पुरेनात. काही वस्तू भांडारात गंजेपर्यंत पडून राहायच्या, आणि ज्या रबरी सीलची किंमत चहाच्या कपाएवढी, तो संपलेला असायचा.

पैशांची बाजू मात्र सोपी होती. व्यवहार रुपया-रूबलमध्ये. आपण चहा, चामड्याच्या वस्तू, होजियरी पाठवायची, ते यंत्रं पाठवणार. डॉलरचं नाव नाही.

इथे 'फॉर्म्युलार' या गोष्टीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे तुमच्या तिसऱ्या प्रश्नात ते उपयोगी पडेल. प्रत्येक सोव्हिएत यंत्राबरोबर एक जाड वही यायची. त्यात यंत्राचा क्रमांक, ते कधी तयार झालं, किती तास चाललं, कोणता भाग कधी बदलला, कुणी सही केली, सगळं. टर्बाइनला तर ती कुंडलीच. ठरलेले तास भरले की टर्बाइन जहाजातून बाहेर काढायचं, दुसरं आत जायचं, आणि काढलेलं मोठ्या दुरुस्तीसाठी निकोलायेवला रवाना. त्याच्याबरोबर वहीही जायची. वहीशिवाय टर्बाइन म्हणजे कागदपत्रांशिवाय जुनी गाडी. चालते, पण कुणी हात लावत नाही.

आम्ही रशियन लिपी कामापुरती शिकलो होतो. पाटीवरचा ड्रॉइंग नंबर आणि 'गोस्त', म्हणजे त्यांच्या मानकाचा क्रमांक, अचूक उतरवला नाही तर भलताच भाग येणार. त्यांचं 'व्ही' अक्षर आपल्या इंग्रजी 'बी'सारखं दिसतं आणि 'एन' दिसतं 'एच'सारखं. एका मागणीपत्रात असाच घोटाळा झाला आणि आठ महिन्यांनी आमच्यासाठी जो व्हॉल्व्ह आला तो आमच्या जहाजावर कुठेच बसत नव्हता. मागणीपत्र मीच लिहिलं होतं. आमच्या चीफने तो व्हॉल्व्ह माझ्या बंकवर उशीला आणून ठेवला. बोलले काही नाहीत.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि हे सगळं चक्र एका रात्रीत तुटलं. टर्बाइनचा कारखाना युक्रेनमध्ये राहिला, शस्त्रं आणि इलेक्ट्रॉनिक्सचे बरेच कारखाने रशियात, आणि छोटे उपभाग बनवणारे कुठल्या कुठल्या प्रजासत्ताकांत. एका पंपाची बॉडी एका देशात आणि त्याची मोटर दुसऱ्या देशात, अशी गत. काही कारखान्यांनी लष्करी माल बनवणं बंद केलं. पत्रांना उत्तरं येईनात, कारण ज्या मंत्रालयाला पत्र लिहायचं ते मंत्रालयच उरलं नव्हतं. रुपया-रूबलची व्यवस्था गेली, भाव डॉलरमध्ये आले. मधल्या पोकळीत दलाल उगवले. त्यांच्याकडे कारखान्याच्या गोदामातून बाहेर पडलेला माल असायचा. तो खरा आहे की रंग मारलेला जुना, हे पेटी उघडल्यावर कळायचं.

त्या दोन-तीन वर्षांत जहाजं कशी चालू ठेवली? सगळ्यात आधी एकमेकांचं काढून. याला इंग्रजी शब्दच रूढ आहे, कॅनिबलायझेशन. लांबच्या रिफिटला, म्हणजे गोदीतल्या मोठ्या दुरुस्तीला, गेलेल्या जहाजाचा पंप काढायचा आणि समुद्रावर निघालेल्या जहाजाला लावायचा. यासाठी वरून लेखी परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. बाहेरच्या माणसाला ही युक्ती शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात काम दुप्पट होतं, कारण एक भाग दोनदा काढायचा, दोनदा बसवायचा, प्रत्येक वेळी गॅस्केट नवा, प्रत्येक वेळी एखादा स्टड तुटणार. वर ज्याचा पंप नेला त्या जहाजावरची माणसं तुमच्याशी महिनाभर बोलत नाहीत. रिफिट संपायच्या वेळी पंप परत द्यायचा असतो, आणि तोवर तो तुमच्याकडेही थकलेला असतो.

दुसरा मार्ग म्हणजे इथेच बनवणं. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो आणि याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. नौदलाने देशीकरण आधीपासूनच हाती घेतलं होतं, पण आता गरजच लागली. साध्या गोष्टी पटकन जमल्या. गॅस्केट, रबरी सील, फिल्टर, बेअरिंगच्या जागी बसणारं दुसरं बेअरिंग, पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं फिरतं चाक. जुना भाग घेऊन एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जायचं, ते लोक मोजमाप घेऊन ड्रॉइंग काढणार, धातूची चाचणी होणार, मग नमुना. पुण्याकडच्या भोसरीसारख्या भागातले टर्नर-फिटर या कामात किती तरबेज असतात हे मी पाहिलंय. एकाने आमचा घासलेला इम्पेलर हातात फिरवला आणि मोजायच्या आधीच म्हणाला, "साहेब, याची कड मुळात अशी नव्हती, ही झिजून अशी झालीय. मी हिची नक्कल केली तर तुम्हाला झिजलेलाच नवीन मिळेल." नुसत्या नकलेत हाच धोका असतो. मूळ ड्रॉइंग नसलं की कोणतं माप मुळातलं आणि कोणतं वापराने झालेलं, हे ओळखणारा माणूस लागतो.

टर्बाइनच्या गरम भागातली पाती मात्र कुठल्या वर्कशॉपमध्ये होणारं काम नाही. त्यांचा मिश्रधातू, ओतकाम, थंड ठेवण्याची रचना हे थोड्याच देशांच्या हातात आहे. तिथे मिकोलाइवशी संबंध राखण्याला पर्यायच नव्हता, आणि आपण तो राखला. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली दिल्ली वर्गाची जहाजंही त्याच कारखान्याच्या टर्बाइनांवर चालतात, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून आपण लहान नव्हतो. मोठी दुरुस्ती परदेशी पाठवण्याऐवजी इथेच व्हावी म्हणून विशाखापट्टणमला आयएनएस एकशिला हे गॅस टर्बाइनचं दुरुस्ती केंद्र उभं राहिलं. राजपूत वर्ग एवढा टिकला त्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. विशाखापट्टणमची गोदीच मुळात सोव्हिएत मदतीने, सोव्हिएत जहाजांसाठी आखलेली. म्हणूनच ही जहाजं मुंबईपेक्षा तिकडे जास्त दिसायची.

रोजची काळजी हाही सुटा भागच समजा. टर्बाइन हवा ओढतं, समुद्रावरच्या हवेत मीठ असतं, ते कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं. गोड्या पाण्याने कॉम्प्रेसर धुणं हे काम टाळलं की तापमान चढतं, आणि तापमान चढलं की गरम पात्यांचं आयुष्य घटतं. जिथे नवी पाती मिळायला वर्ष लागतं तिथे बादलीभर पाणी फार महाग नसतं. हे नव्या पोरांना पटवायला मला नेहमी जड गेलं, कारण बंदरात आल्यावर त्यांचं लक्ष लिबर्टीकडे, म्हणजे किनाऱ्यावर फिरायला मिळणाऱ्या सुट्टीकडे.

दरम्यान जहाजांवरची शस्त्रं बदलत गेली. ब्रह्मोसची समुद्रावरची पहिली चाचणी २००३ मध्ये राजपूतवरूनच झाली. २००८ मध्ये रणवीरवरून ते उभ्या नळीतून सरळ वर डागलं गेलं. धनुष क्षेपणास्त्राच्या चाचण्यांनाही राजपूत होती. जुन्या जहाजाला नवीन शस्त्र बसवताना जे जुनं निघतं ते भगिनी जहाजांच्या कामाला येतं, हा त्यातला आमच्या दृष्टीचा फायदा. रणजीत ६ मे २०१९ रोजी आणि राजपूत २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणमलाच निवृत्त झाली. राजपूतच्या वेळी कोविडचा कहर होता, त्यामुळे जुन्या लोकांना जाता आलं नाही. मी घरी डोंबिवलीत फोनवर झेंडा उतरताना पाहिला.

तुम्हाला वाटेल की आता हा विषय इतिहासजमा झाला. तसं नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला नौदलाची टर्बाइनं देणं थांबवलं. त्याच सुमारास आपण रशियाकडून नवीन फ्रिगेट घेत होतो, ज्यांना इंजिन युक्रेनचं लागतं. तोडगा असा निघाला की इंजिनं भारताने युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियातल्या कॅलिनिनग्राडच्या गोदीत पोचवली. तुशील डिसेंबर २०२४ मध्ये आणि तमाल जुलै २०२५ मध्ये त्यामुळेच दाखल होऊ शकल्या. मधल्या काळात २०२२ चं युद्ध सुरू झालं आणि मिकोलाइववर बॉम्ब पडले. ज्या गोदीत आपली पाच जहाजं बांधली, त्याच गोदीत बांधलेली रशियाची 'मॉस्क्वा' क्रूझर त्या एप्रिलमध्ये युक्रेनने बुडवली. पुण्याच्या कल्याणी समूहाने झोर्याच्या भारतातल्या कंपनीत भागीदारी घेतली आहे, ती याच पार्श्वभूमीवर वाचा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जहाज निवृत्त होण्याच्या आधी आणि नंतर यादी करून वापरण्याजोगं सगळं काढलं जातं. भगिनी जहाजांना लागणारं भांडारात जातं, काही गोष्टी प्रशिक्षण केंद्रात. लोणावळ्याला आम्ही ज्या कापून उघड्या केलेल्या यंत्रांवर शिकलो ती अशीच कुठल्या ना कुठल्या जहाजातून आलेली. शस्त्रं, दारूगोळा, संपर्काची आणि गुप्त उपकरणं बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. उरलेला सांगाडा एकतर नेमबाजीचं लक्ष्य होतो, नाहीतर लिलावाने भंगारवाल्याकडे जातो. भंगारात गेलेल्या युद्धनौकेचं मुंबईकरांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे जुनी विक्रांत, २०१४ मध्ये दारूखाना या जहाजं तोडायच्या भागात तोडली गेली.

म्हणजे बाहेर मिळूच शकत नाही असं नाही. लिलावातल्या सांगाड्यातून पोर्टहोल, दरवाजे, व्हॉल्व्हची चाकं, पाट्या असं काहीबाही कायदेशीरपणे बाजारात येतं. पण चोर बाजारात किंवा ऑनलाइन 'राजपूतचा भाग' म्हणून जे दाखवतात त्यातलं बहुतेक व्यापारी जहाजांचं असतं. चकचकीत पितळ दिसलं की जरा जपून. या जहाजांच्या इंजिनरूममध्ये राखाडी रंग आणि पोलादच जास्त. पाटी असेल तर ती रशियन लिपीत हवी, त्यावर यंत्राचा क्रमांक आणि बनवल्याचं वर्ष हवं, आणि ते वर्ष १९७०च्या दशकाची अखेर किंवा १९८०चं दशक असायला हवं. १९६० चं वर्ष असेल तर ती दुसऱ्याच कुठल्या जहाजाची. दाबाचं मीटर असेल तर तबकडीवर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर असतं, पौंड नसतात. विकणाऱ्याकडे लिलावाचा कागद मागा. आणि कुणी टर्बाइनचं पातं, त्याच्या फॉर्म्युलारसकट, देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नका. ती वही असलेली वस्तू सरळ मार्गाने बाहेर आलेली नसते.